पी., वय बासष्ट

मु. खारवेली, ता. पेण
६ ऑगस्ट २०२५

आदरणीय प्रवीण सर,
अनिताचा नमस्कार.

पत्रात आधी खुशाली लिहायची असते म्हणून लिहिते. लावणी आटपली. पाऊस वेळेवर आहे. बाबांचे गुडघे धरलेत, पण पंचाहत्तरीत कोणाचे धरत नाहीत? आपल्या आळीतल्या बायका सध्या हमरापूरला गणपती रंगवायला जातात. सकाळच्या जोह्याच्या एसटीत बसतात आणि संध्याकाळी नखांत सोनेरी रंग घेऊन येतात. मी अजून पेणला तहसीलजवळच्या त्याच झेरॉक्स-टायपिंगच्या दुकानात आहे. लग्नाचं आता कोणी विचारत नाही, तेवढी एक शांतता आहे.

हाताने लिहिलेलं पत्र बघून तुम्हाला हसू येईल. काय करणार? फोन तीनदा केला, तुम्ही उचलला नाही. ईमेल केला तर लगेच उत्तर आलं. मी दुकानातच ओरडले, "आलं, सरांचं आलं!" उघडून बघते तर मशीनने पाठवलेलं. तुम्ही परिषदेला गेला आहात, तातडीचं काम असल्यास विभागाच्या कार्यालयाशी संपर्क साधावा. साधला संपर्क. तिथल्या बाईंनी विचारलं, कुठल्या कॉलेजमधून बोलताय? मी म्हटलं, खारवेलीतून. त्या म्हणाल्या, हे कॉलेज आमच्याशी संलग्न नाही. आणि फोन ठेवला. म्हणून हे स्पीडपोस्ट. सही करून घ्यावं लागतं, म्हणजे मशीन घेणार नाही.

सर, तुम्ही पेणच्या कॉलेजात शिकवायचात तेव्हाची गोष्ट आठवते का? रोह्याहून यायचात, आठवड्याच्या पेपरात लिहायचात. तुमचा लेख आला की बाबा चार प्रती आणायचे. एक आपल्याला आणि तीन वाटायला. बोट ठेवून ठेवून वाचायचे आणि वाचून झालं की म्हणायचे, "बग, मी बोललेला हाय ह्यात." रोह्याच्या नाक्यावर तुम्ही टेम्पोवर उभे राहून खारभूमीचा कायदा समजावून सांगितला होता. पानवाला गिऱ्हाईक सोडून ऐकत होता. कोणी आडवा प्रश्न विचारला की तुम्ही खूश व्हायचात. मग तीन पावसाळे तुम्ही आमच्या पडवीत राहिलात, बांधाचा अभ्यास करत. आई असेपर्यंत तुमच्यासाठी वेगळं कमी तिखटाचं कालवण करत होती. युनिव्हर्सिटीत लागलात तेव्हा आम्ही गावभर पेढे वाटले. आपला माणूस मोठ्या जागी गेला, आता आपलं बोलणं मोठ्या जागी जाईल, असं वाटलं होतं.

शेवटचे आलात तेव्हा मी विचारलं होतं, सर, हल्ली पेपरात का लिहीत नाही? तुम्ही म्हणालात, "अनिता, त्याला पॉइंट नाहीत. मराठीत तर नाहीतच नाहीत." मला वाटलं कसली स्पर्धाबिर्धा असेल; बढतीचे पॉइंट असतात ते नंतर कळलं. तुम्ही सहा वर्षांपूर्वी आला होतात त्यानंतर आलेला नाहीत.

आता कामाचं लिहिते.

एका कंपनीला खाडीच्या बांधाआतली आपली खाराची जमीन गोदामांसाठी हवी आहे. त्यांनी दिलेल्या कागदात लिहिलंय की ही जमीन कित्येक वर्षं पडीक आहे, बांध सरकारचा आहे आणि गावाचा त्याच्याशी संबंध उरलेला नाही. म्हणजे आम्हाला एवढंच दाखवायचं आहे की जोळ अजून चालतो. जोळाबद्दल तुम्हाला मी काय सांगणार? बांधाला खांड गेली, म्हणजे भरतीने बांध फुटला, की डबा वाजवायचा आणि घराघराचं नाव पुकारायचं. नाव घेतलं त्या घरातून एक माणूस, एक फावडं. ज्याचं नाव पुकारलं तो ताटावरून उठून येतो. हे शाबीत झालं तर जमीन लागवडीची, नाही तर पडीक. पडीक ठरली तर ऐंशी घरांनी कुठं जायचं हे कागदात लिहिलेलं नाही.

पहिली जनसुनावणी पेणला अकरा जुलैला झाली. गावाने सातबारे जोडले, बांधावर काम करतानाचे फोटो जोडले. आणि कोणीतरी तुमचा इंग्रजी लेखही जोडला होता. वरच खारवेलीचं नाव, खाली तुमचं नाव. सगळ्यांना धीर आला. रघू म्हणाला, "मास्तरचा लेख हाय, आता काय टेन्शन नाय."

कंपनीचे वकील उठले. त्यांच्या हातात तुमचा तोच लेख होता, पण आमच्याकडे होता त्यापेक्षा जाड. त्यांनी एक परिच्छेद वाचला आणि मराठीत सांगितला. पी., वय बासष्ट, बांधाचा माजी पंच, याने अभ्यासकाला सांगितले की पुराच्या वर्षी बांध आपोआप फुटला नव्हता. तो पी.ने स्वतः फोडला होता. मग वकील म्हणाले, साहेब, जे लोक स्वतःचा बांध फोडतात त्यांचा कसला जोळ?

ऐंशी घरांचं गाव. बांधाचे पंच आजवर पाच झाले असतील. त्यांत पी. किती, सांगा बघू.

सगळ्यांनी माना वळवून बाबांकडे पाहिलं. बाबा समोरच्या पंख्याकडे बघत होते. रघू उठला आणि हॉलमधून बाहेर गेला. त्या पुरानंतर खारं पाणी शिरून रघूच्या बापाचं शेत नऊ वर्षं पिकलं नाही, हे तुम्हाला माहीत आहे. तो माणूस गडबच्या नाक्यावर टायरच्या दुकानात हवा भरता भरता गेला. वीस वर्षं सगळं गाव समजत होतं की खांड दर्याने पाडली.

मलाही माहीत नव्हतं, सर. मला, त्यांच्या मुलीला. तुम्हाला माहीत होतं.

बाबांनी मला नंतर सांगितलं. बांधावर बसून तुम्हाला सांगितलं होतं, कोणाला सांगू नका म्हणून. मी भडकले. म्हटलं, मग त्याने छापलं कसं? तर उलट मलाच म्हणाले, "त्याने नाव नाय लिवला गो. आणि मास्तर अर्धा लिवनारा मानूस नाय. त्याला सगला सांगितला होता. म्होरं लिवला असल." वकिलाने पुढचं वाचलं नाही आणि आमच्याकडे ते पान नाही.

दुसरी सुनावणी बारा सप्टेंबरला आहे, रोह्याला. पेणहून रोह्याला का नेली, ते त्यांनाच माहीत. पण मी म्हटलं, बरंच झालं, सरांचं गाव. तुम्ही या. दहा मिनिटं बोला. पूर्वी टेम्पोवरून बोलायचात तसं, साध्या मराठीत, त्या साहेबासमोर आणि आपल्या लोकांसमोर. लेख लिहिणाराच उभा राहिला तर वकील काय करेल?

बाबा रोज विचारतात, पत्र टाकलंस का? आज टाकते.

आपली,
अनिता


मु. खारवेली
२७ ऑगस्ट २०२५, गणेश चतुर्थी

सर,

तुमचा ईमेल मिळाला. या वेळी माणसाने लिहिलेला. मी तो इतक्या वेळा वाचलाय की पाठ झालाय, तरी उतरवून काढते, म्हणजे तुम्हालाही एकदा तो माझ्या अक्षरात वाचता येईल.

"प्रिय अनिता, पत्र मिळाले. घडलेल्या प्रकाराबद्दल खेद वाटतो. संशोधनातील माहितीदाराची ओळख उघड न करणे हे माझ्यावर नैतिकदृष्ट्या व संस्थात्मकदृष्ट्या बंधनकारक आहे. त्यामुळे ‘पी.’ कोण याबाबत मी कोणत्याही व्यासपीठावर भाष्य करू शकत नाही. शिवाय प्रलंबित प्रकरणात मत मांडण्यासाठी विद्यापीठाची पूर्वपरवानगी लागते. मूळ लेख सोबत जोडत आहे. त्यातील मांडणी पुरेशी स्पष्ट आहे. बाबांना नमस्कार."

बाबांना नमस्कार! कुठल्या बाबांना, सर? ओळख तर उघड करायची नाही ना?

रागावू नका. म्हणजे रागावलात तरी चालेल, निदान फोन करून रागवा.

लेख वाचला. एकतीस पानं. कॉलेजात जाणारी मनस्वी आमच्या दुकानात प्रोजेक्ट छापायला येते, तिला बसवून घेतलं. चार दिवस लागले. पहिलं पान सोडलं तर अठराव्या पानापर्यंत खारवेली कुठं सापडेना. कोण काय म्हणाला, त्याला कोणी काय उत्तर दिलं, मग तुम्ही दोघांचंही कसं खोडून काढलंत. मनस्वी म्हणाली, ताई, हे कोणाशी भांडतायत? मी म्हटलं, त्यांची त्यांची माणसं असतील.

आणि मग एकोणिसावं पान. सर, तुम्ही ते किती सुंदर लिहिलंय! पाणी छातीपर्यंत आलं होतं. वरून डोंगराचं पाणी येतंय आणि बांध ते आत कोंडून धरतोय. खालच्या आळीतली चाळीस घरं, माळ्यावर बसलेली पोरं. पी.ने एकट्याने ओहोटीची वेळ मोजली, बांध कुठे पातळ आहे ते त्याला ठाऊक होतं, तिथे त्याने फोडला. दीड तासात पाणी उतरलं. पुन्हा भरती यायच्या आत खांड भरायचा त्याचा हिशोब होता, पण माणसं माळ्यावरून उतरेपर्यंत उधाण आलं. तुम्ही लिहिलंय की चाळीस घरं वाचली ती कोणामुळे, हे गावाला अजून माहीत नाही आणि पी. ते सांगणार नाही, कारण एका शेजाऱ्याचं शेत त्याने त्याची किंमत म्हणून दिलं असं त्याला वाटतं.

मनस्वी अर्थ सांगत होती आणि मी स्टेपलर हातात घेऊन रडत होते. गिऱ्हाईक परत गेलं.

मला सगळ्यात जास्त राग त्याचाच आला. एवढं चांगलं लिहिलंत आणि गावाला दिसेल असं कुठेच नाही ठेवलंत. तेरा वर्षांपूर्वी बाबांनी सांगितलं, तीन वर्षांपूर्वी छापून आलं. एक प्रत पोस्टाने टाकायची होती. एक दिवस येऊन रघूच्या बापाला समोर बसवून सांगायचं होतं, तो तेव्हा जिवंत होता. तुम्ही सांगितलं असतं तर त्याने ऐकलं असतं. तुमचं सगळे ऐकायचे.

आता माझी गोष्ट सांगते. मागच्या पत्रात मी लिहिलं की कोणीतरी तुमचा लेख जोडला. तो कोणीतरी म्हणजे मी. दुकानात बसून गावाची फाईल मीच तयार करत होते. कॉम्प्युटरवर तुमचं नाव टाकलं, लेख सापडला. पहिलं पान दिसलं, पुढच्या पानांसाठी पैसे भरा म्हणून आलं. मी पहिलं पान छापलं आणि जोडलं. त्यात शेवटी एक ओळ होती, गावकऱ्यांनी सांगितलेला बांधाचा इतिहास आणि खरोखर घडलेलं यांत फरक आहे, अशा अर्थाची. तेवढं इंग्रजी मला येतं. ती ओळ मला खटकली होती, सर. पाच मिनिटं मी तसाच कागद हातात धरून बसले. मग वाटलं, सरांनी लिहिलंय, आपल्या विरोधात कसं असेल? आणि कोणाला विचारलं असतं तर सगळ्यांना कळलं असतं की अनिताला एवढंसं इंग्रजी वाचता येत नाही. म्हणून नाही विचारलं. फाईलवर एकशे चार नंबरचा कागद म्हणून तो लावला. वकिलांना आयता धागा मिळाला.

हे मी बाबांना अजून सांगितलेलं नाही. गावालाही नाही. गावाला वाटतं बाबांनीच मोठेपणासाठी द्यायला लावला. बाबा ते खोडून काढत नाहीत. मला वाटतं त्यांना कळलंय.

गेल्या शनिवारी, तेवीस तारखेला, अवसेचं उधाण होतं. दुपारी बारा-साडेबाराची भरती. आम्ही जेवायला बसणार तेवढ्यात डबा वाजला. खालच्या अंगाला खांड गेली होती. बाबा उठले, फावडं घेतलं आणि दारात उभे राहिले. आता रघू जोळाचा पंच आहे, तो पुकारत येत होता. शेजारच्या घराचं नाव घेतलं. मग आमच्या दारावरून पुढे गेला आणि त्याच्या पुढच्या घराचं नाव घेतलं.

माझ्या जन्मात असं झालेलं नाही. भांडणं झाली, कोर्टकचेऱ्या झाल्या, पण नाव कोणाचं गाळलं गेलं नाही. आजोबा गेले त्या दिवशीही आमचं नाव पुकारलं होतं आणि काका सुतकात गेले होते.

बाबा तरी गेले. मी मागोमाग. बांधावर सगळे चिखल टाकत होते. बाबांनी फावडं मारलं, तसा रघू जवळ आला आणि हळू आवाजात म्हणाला, "काका, घरी जावा. तुमचा काम नाय इथं." तो ओरडला असता तर मी पण ओरडले असते. बाबा म्हणाले, "व्हय," आणि वळले. परत येताना दोनदा घसरले, मी धरलं. घरी येऊन फावडं धुतलं, पुसलं आणि कोपऱ्यात ठेवलं. तेव्हापासून ते पेज घेतात दोन घोट, बाकी काही नाही.

काल रोह्याला तुमच्या आईकडे गेले. सगुणाकाकूंनी चहा दिला, तुमचा लहानपणीचा फोटो दाखवला. मी तुमचा ईमेल वाचून दाखवला. त्या म्हणाल्या, "बोलायला परवानगी? याच्या शाळेतून रोज तक्रार यायची, फार बोलतो म्हणून." तुम्ही दर रविवारी त्यांना फोन करता हे कळलं. तर या रविवारी त्या तुम्हाला विचारतील. मी सांगितलंय विचारायला. हा चुगलखोरपणा आहे, असू दे.

सर, मी हात जोडते. गाव वाचवा असं मी आता म्हणत नाही. प्राध्यापक म्हणून येऊ नका, परवानगी लागणार नाही. रजा टाका. पी. कोण ते सांगू नका, नका सांगू. फक्त एकोणिसावं पान मराठीत वाचा आणि खाली बसा. तेही जमत नसेल तर ते एक पान मराठीत करून तुमच्या सहीने पाठवा. मी आणि मनस्वीने केलंय भाषांतर, पण आमच्या सहीला कोण विचारतं?

बारा तारीख. सकाळी अकरा.

आज गणपती बसलेत. आरतीला आमच्याकडे कोणी आलं नाही.

अनिता


मु. खारवेली
२९ सप्टेंबर २०२५

सर,

तुमच्या सहीचं पान आलं नाही. तुम्हीही आला नाहीत. हे तुम्हाला माहीत आहे, पण सुरुवात कुठून तरी करायला हवी.

बारा तारखेला गावाने दोन टेम्पो केले. आम्हाला कोणी विचारलं नाही, आम्ही एसटीने गेलो. बाबांनी धुतलेला सदरा घातला होता. वाटेत दोनदा म्हणाले, "मास्तर परस्पर येल. त्याचा घरच हाय तिथं." हॉलच्या दारात मी पावणेबारापर्यंत उभी होते. प्रत्येक पांढरी गाडी बघत होते. मग रिक्षा आली आणि त्यातून सगुणाकाकू उतरल्या, एकट्या. त्यांनी माझा हात धरला आणि म्हणाल्या, "चल. तो नाही येत."

काकू पुढच्या खुर्चीत बसल्या. साहेबांनी विचारलं, गावाच्या बाजूने त्या लेखाबद्दल कोणाला बोलायचंय का? कोणी उठलं नाही. काकू उठल्या. "लेख लिहिणाऱ्याची मी आई." साहेबांनी नम्रपणे विचारलं, आजी, तुमचा या जमिनीशी संबंध? त्या म्हणाल्या, काही नाही. साहेब म्हणाले, मग बसा. त्या बसल्या, पदर तोंडाला लावून.

तेव्हा मी उठले. सगळ्यांसमोर सांगितलं की एकशे चार नंबरचा कागद मी जोडला, नीट न वाचता जोडला, बाबांचा त्यात काही हात नाही. मागून कोणीतरी शिवी दिली. मी आमचं भाषांतर पुढे केलं. वकील म्हणाले, अनधिकृत आहे, मूळ लेखकाने प्रमाणित केलेलं नाही. साहेबांनी ते बाजूला ठेवलं. वाचलं नाही, सर. नुसतं बाजूला ठेवलं.

मग माझ्या शेजारची खुर्ची सरकली. बाबा उभे होते.

"साहेब, पी. म्हंजे मी. पुंडलिक घरत. बांध मी फोडला."

मी त्यांचा सदरा ओढला. त्यांनी माझा हात काढला. माईक त्यांच्यापर्यंत आलाच नाही, ते तसेच बोलले. पाणी कुठपर्यंत आलं होतं, कोणाच्या माळ्यावर किती पोरं होती, एकेकाचं नाव घेऊन सांगितलं. ती पोरं आता मोठी होऊन हॉलमध्ये बसली होती. ओहोटी कशी मोजली ते सांगितलं. मग रघूकडे वळले. "तुझ्या बापाचा शेत गेला तो माझ्यामुलं. तो टायर भरायला जायचा तवा मी रोज त्याला बगायचो आन रोज वाटायचा आज सांगू. धीर नाय झाला रं." असं पंचवीस मिनिटं. तुम्ही नाक्यावर बोलायचात तेव्हा इतकी शांतता कधी झाली नव्हती. मला क्षणभर वाटलं, झालं, जिंकलो आपण. वेडी मी.

रघू खाली मान घालून बसला होता. बाबा थांबल्यावर तो म्हणाला, "तवा सांगायचा होता, काका." एवढंच. त्याचं काय चुकलं? बाबांनी मान हलवली. परतीच्या टेम्पोत आम्हाला जागा दिली, पण बाबांच्या बाजूला कोणी बसलं नाही. चाळीस घरांतल्या पोरांपैकीही कोणी नाही. लाजले असतील. मला तसं समजायचं आहे.

आज सुनावणीचं इतिवृत्त दुकानात आलं. कुठं आलं बघा, माझ्याकडेच, झेरॉक्सला, बारा प्रती. मी मशीनवर पान ठेवता ठेवता वाचलं. कंपनीच्या वकिलांचं म्हणणं अडीच पानं आहे. बाबांचं एक वाक्य आहे. तेही पूर्ण लिहिते: "पुंडलिक घरत या ग्रामस्थाने शासकीय खारबांध स्वतः फोडल्याची जाहीर कबुली दिली." पुढचं वाक्य पार्किंगच्या रस्त्याबद्दल आहे. शेवटी लिहिलंय, जमीन पडीक असल्याबाबत व जोळ पद्धत अस्तित्वात नसल्याबाबत सबळ पुरावा आढळतो, शिफारस वरिष्ठांकडे पाठवावी. खाली सही आहे.

मी बाराही प्रती काढल्या. काम आहे ते. पिना मारल्या आणि दिल्या.

अजून एक. मनस्वीने मोबाईलवर एक व्हिडिओ दाखवला. बारा तारखेचाच, सकाळी अकराचा, तुमचं ऑनलाइन व्याख्यान. विषय होता, समाज आणि ज्ञान यांतलं अंतर. इंग्रजीत होतं, मनस्वीने सांगितलं. ऐकायला एकोणीस जण होते. मध्येच तुम्ही पडद्यावर एक फोटो दाखवलात. आपला बांध, आणि त्यावर फावडं घेतलेला माणूस, चेहरा पुसट केलेला. तो सदरा मी ओळखते, मीच शिवला होता. तुमचा आवाज मात्र तोच होता, सर. तोच नाक्यावरचा. त्यामुळे मला व्हिडिओ शेवटपर्यंत बघावा लागला. तुम्ही भ्याड असता तर मला सोपं गेलं असतं. तुम्हाला त्या माणसाबद्दल खरंच वाटतं हे ऐकू येत होतं. तुम्हाला वाटतं, आणि तुम्ही ते त्या एकोणीस जणांना सांगता.

पूर्वी आमच्यासारख्यांच्या बाजूने चार शिकलेली माणसं चौकात उभी राहायची. ती चुकायची, भांडायची, लोक त्यांची टर उडवायचे, पण साहेबाला त्यांच्याकडे बघून बोलावं लागायचं. आता आमच्याबद्दल सगळं लिहून झालंय आणि आमच्याजवळ उभं राहायला कोणी नाही. आता कुठे शोधू, सर? पेणच्या कॉलेजात गेले होते. तिथल्या मॅडम चांगल्या आहेत. म्हणाल्या, या विषयात तुमचे सरच सर्वांत मोठे आहेत, त्यांनाच विचारा.

बाबा कसे आहेत ते लिहायचं मी टाळत होते. ते आता बोलत नाहीत. डॉक्टर म्हणतात, आजार काही नाही. इतिवृत्तातलं वाक्य मी त्यांना वाचून दाखवलं नाही, पण कोणीतरी दाखवलं. भरतीच्या वेळेला ते अंगणात जाऊन उभे राहतात आणि पाणी उतरलं की आत येतात. सात सप्टेंबरच्या पौर्णिमेला पुन्हा डबा वाजला होता, तेव्हाही आमचं नाव घेतलं नाही. येत्या पौर्णिमेला घेतील का, मला माहीत नाही. त्यानंतर किती पौर्णिमा हा बांध आपला राहील, तेही माहीत नाही.

हे माझं शेवटचं पत्र. उत्तर नको. नमस्कार तर मुळीच कळवू नका. तुम्हाला या पत्रांचा उपयोग होईल, मला ठाऊक आहे. तुम्ही वाईट माणूस नाही, तुम्हाला वाचताना रडू येईल आणि नंतर कधीतरी तुम्ही याच्यावर लिहाल, चांगलं लिहाल. लिहा. माझी परवानगी आहे, लेखी आहे. फक्त ‘ए., वय चौतीस’ असं लिहू नका. तोंड पुसट करू नका. जे लपवलंत त्याने आमचं कोणाचं रक्षण झालं नाही. जे झालं ते आमच्या नावावर झालं, तर आमचं नावच लिहा.

अनिता पुंडलिक घरत,
राहणार खारवेली, तालुका पेण, जिल्हा रायगड.
तुमचं एक पान नीट न वाचता मी माझ्या बापाविरुद्ध दाखल केलं.